पळसटोल्याचा समेट

९ जून २०२४

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

फोनवर तुमच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं आणि इथलं नेटवर्क त्या मशीनचा सख्खा भाऊ आहे, म्हणून पत्राचाच रस्ता धरतो. हे नागभीडच्या रोशनीबाईंच्या झेरॉक्स दुकानात ईमेलनं जाईल, त्या छापून देतील. तुमच्या उत्तराचा फोटो काढून त्यांनीच मला पाठवावा.

मागे तुम्ही विचारलं होतं, "एवढे देश मिळून एका देशातलं भांडण मिटवू शकत नाही का रे?" मी विषय बदलला होता. आज सांगतो. इथे वीस वर्षं आपसात युद्ध चाललंय. दोन सेनापती आहेत आणि त्यांच्यात आजवर चार करार झाले. चारही मोठ्या हॉटेलांत झाले, चारही वेळा फोटो निघाले. शेजारचा देश करारावर साक्षीदार म्हणून सही करतो आणि त्याच आठवड्यात त्याचे ट्रक बंदुका घेऊन सीमा ओलांडतात. माझ्या कामाचं नाव आहे युद्धबंदी संपर्क अधिकारी. खरं काम म्हणजे मोडलेल्या करारांची टिपणं लिहिणं.

आता पाचवा करार घाटतोय आणि यात मला थोडंफार बोलायला जागा आहे. मामा, दहा वर्षं मी जगभरच्या वर्गांमधून तुमची गोष्ट सांगत आलोय. पळसटोल्याचा तलाव, उरकुडाभाऊंची वरची शेतं, लटारूभाऊंची खालची, बावीस वर्षांचं पाण्याचं भांडण, फुटलेली डोकी, पोलीस केसेस, आणि गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष वामनराव गुरुजी, ज्यांनी ते आठ दिवसांत मिटवलं. लोक वह्यांमध्ये लिहून घेतात. पण बारकावे मलाच माहीत नाहीत. मी तेव्हा दिल्लीत शिकत होतो. नेमकं कसं केलंत, ते लिहाल?

तुमचा,
नागसेन


२१ जून २०२४
पळसटोला

चि. नागसेन,
जय भीम.

साहेब झालास तरी अक्कल उसनी मागायला मामाकडेच आलास, हे बरं झालं. तुझी आई कांता असती तर म्हणाली असती, दादा, आता फुगू नको.

रोशनी पत्र छापून देताना वाचतेच. ती उरकुडाची सून, तेव्हा सासऱ्याचं नाव पाहून तिचे डोळे तिथेच थांबले. असो.

ऐक. तंटामुक्त गाव ठरवायला तपासणी करणारे साहेब यायला आठ दिवस उरले होते आणि आमच्या यादीत एवढा एकच तंटा बाकी होता. ती घाई कामाला आली. माणसं विचार करत बसली की भांडतात. दोघांना मी आधी वेगवेगळं भेटलो. मग शाळेच्या व्हरांड्यात गाव जमवलं. उरकुडा आणि लटारू एका ताटात जेवले. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. बायका रडल्या. मीही रडलो, लपवत नाही.

कागदात काय काय लिहायचं यावर मात्र गाडी अडली होती. पाणी कोणाला कोणत्या दिवशी, हे काही ठरेना. तेव्हा मी लिहिलं, "पाण्याच्या पाळ्या पुढे सामंजस्यानं ठरवाव्यात." जे सुटत नाही ते पुढच्यावर ढकलावं आणि जे जमलंय त्यावर सही घ्यावी. सही झाली की माणूस आपोआप शब्दाला बांधला जातो. लटारूच्या बाजूचे सात घरचे लोक तलावाच्या तुडुमावर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर, लाठ्या घेऊन पाळीपाळीनं पहारा देत. तो पहारा त्यांनी उठवला. साहेब आले, खूश झाले, गावाच्या तोंडाशी तंटामुक्तीचा फलक लागला.

एवढंच. तब्येत सांभाळ. तिकडे भात मिळतो का?

तुझा मामा,
वामनराव


२ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

भात मिळतो, पण आपल्या भातासारखा नाही.

करार झाला! मुख्य मध्यस्थांची मुदत जुलैअखेर संपत होती, म्हणून सगळे घाईत होते. मी म्हटलं, घाई वाईट नसते. नदी ओलांडायचा जो उतार आहे, जिथे मालावर वसुली होते, त्याचा ताबा कोणाकडे राहील यावर चार दिवस दोन्ही सेनापती हटून बसले. शेवटी तुमचं वाक्य मी मसुद्यात घातलं, संयुक्त समिती पुढे सामंजस्यानं ठरवेल. दोघांनी लगेच सही केली. मुख्य मध्यस्थांनी माझी पाठ थोपटली. मामा, मला तुमचा फार अभिमान वाटला.

आता उरलंय ते गावातलं काम. त्या उतारावर सोंबे नावाचं गाव आहे. ते कुठल्याच सेनापतीचं नाही. दोघांनीही त्याला तीन तीन वेळा लुटलं, तेव्हा गावानं स्वतःच्या ऐंशीएक बंदुका जमवल्या आणि नदीवर पहारा बसवला. हॉटेलात त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. करारात मात्र लिहिलंय की सेनेबाहेरच्या सगळ्यांनी एक सप्टेंबरला हत्यारं जमा करावीत. त्यांना ते पटवून देण्याचं काम माझ्याकडे आलं.

परवा गेलो. गाव ज्या बाईचं ऐकतं तिचं नाव आसेनी. साठीची असेल, सुकी मासळी विकते. माझ्याकडे असं बघत होती जसं आपल्याकडच्या बाया बाजारात वांगी दाबून बघतात. मी तुमची गोष्ट सांगितली. एका ताटातल्या जेवणावर सगळे हसले. आसेनी हसली नाही. म्हणाली, "त्या खालच्या शेतवाल्यांनी पहारा उठवला. मग पुढच्या हंगामात त्यांचं पाणी कोणी राखलं?"

मामा, दहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. ती म्हणाली, "मामाला विचारून ये. तो काय म्हणतो त्यावर आम्ही ठरवू."

तेव्हा विचारतो. लटारूभाऊंकडून कोणी हे विचारलं होतं का? तुम्ही काय उत्तर दिलंत? आणि पाणी कोणी राखलं? एक सप्टेंबरच्या आत मला उत्तर हवं आहे. सोंब्यात पोरंबाळं धरून अकराशे माणसं आहेत.

तुमचा,
नागसेन


१० ऑगस्ट २०२४
(रोशनीबाईंच्या दुकानातून, फोटो काढून)

चि. नागसेन, जय भीम. पत्र मिळालं. सविस्तर उत्तर टपालानं पाठवतो आहे. काळजी नको.
मामा


१० ऑगस्ट २०२४
पळसटोला
(टपालानं)

चि. नागसेन,
जय भीम.

हे पत्र रोशनीच्या हातात देण्याचं धाडस झालं नाही. तिच्या सासऱ्याविषयी आहे, आणि त्याहून जास्त माझ्याविषयी आहे. पाकिटात घालून पोस्टात टाकतो. पंधरा दिवसांत पोचेल असं धरून चाललोय.

तुझ्या त्या आसेनीबाईचा प्रश्न आमच्या इथे विचारला गेला होता. लटारूची बायको इंदुताई, ती सहीच्या आदल्या दिवशी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, आमी पहारा उठवतो, तुमचा शब्द मोठा हाय. पन उद्या पानी कोन राखन?"

मी म्हणालो, "मी आहे ना."

त्यावर ती गेली. तिनंच घरोघर जाऊन बाकीच्या सहा घरांना तयार केलं.

फलक लागून पंधरा दिवसही झाले नव्हते. धानाची रोवणी आटोपली आणि पावसानं ताण दिला. उरकुडानं तुडुमाला साखळी घालून कुलूप लावलं. कागदात पाळ्याच लिहिलेल्या नव्हत्या, मग त्यानं मोडलं तरी काय? लटारू धावत माझ्याकडे आला. "गुरुजी, चला. तुमी नुसते येऊन उभे राहा, तो कुलूप काढन." मी म्हणालो, सामंजस्यानं घ्या, दोन दिवस थांबा. खरी गोष्ट अशी की आमचं गाव जिल्ह्याच्या कार्यक्रमात सत्काराला जाणार होतं. तंटा पुन्हा उघडला असता तर सगळ्यांसमोर माझंच हसं झालं असतं. मी दोन दिवस म्हटलं आणि दोन महिने गेलो नाही.

पुन्हा लाठ्या घेऊन तुडुमावर बसायचं तर लटारूच्या लोकांना आता गावच वाईट म्हणालं असतं. समेट त्यांनी मोडला, असं झालं असतं. सातही घरांचा धान उभा वाळला. त्या वर्षी ते तेलंगणात मिरची तोडायला गेले, तसे आधीही जात, पण यावेळी परतले नाहीत. वावरं पडली ती उरकुडानं ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर कसायला, घेतली. भांडण संपलं रे बाबा, कारण भांडायला कोणी उरलं नाही. त्यालाच मी चौदा वर्षं समेट म्हणत आलो आणि तू जगभर सांगत फिरलास. तुझ्या प्रत्येक फोनला मला वाटायचं, आज सांगावं. पण तू एवढ्या कौतुकानं बोलायचास की जीभ उचलायची नाही.

त्या बाईला सांग, हत्यार खाली ठेवू नको. निदान जोवर दुसरा कोणी खरोखर तिथे मुक्काम ठोकत नाही तोवर नको. आणि तू तिला "मी आहे" म्हणू नकोस. तू तिथे राहणार नाहीस, मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे.

तुझा अपराधी मामा,
वामनराव


३ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

तुमचं टपाल अजून आलं नाही. इथे टपाल राजधानीत येतं आणि तिथून महिन्यातून एकदा विमानानं, तेही जागा उरली तर. पण तुमची दोन ओळींची चिठ्ठी मिळाली होती. "काळजी नको" लिहिलंत, तेव्हा उत्तर चांगलंच असणार हे मी ओळखलं. वाईट असतं तर तुम्ही लगेच कळवलं असतं.

तीस तारखेला सोंब्याला गेलो. आसेनीनं विचारलं, मामाचं काय आलं? मी म्हणालो, मामानं कळवलंय की काळजी नको. ती म्हणाली, "तो तिथे आहे. इथे कोण आहे?" सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, "मी आहे."

परवा ऐंशीतल्या सत्त्याहत्तर बंदुका आमच्या लोखंडी कंटेनरमध्ये जमा झाल्या. आसेनीच्या धाकट्या मुलानं स्वतः मोजून दिल्या. राजधानीतून अभिनंदनाचा संदेश आला आणि सोंब्यात आम्ही बिस्किटं वाटली.

मामा, पहिल्यांदाच असं वाटतंय की आपण काहीतरी केलं.

तुमचा,
नागसेन


२८ नोव्हेंबर २०२४

मामा,
जय भीम.

हे पत्र रोशनीबाईंच्या दुकानातूनच येईल. त्यांना वाचायचं तर वाचू देत.

तुमचं पाकीट मला ९ नोव्हेंबरला मिळालं. तीन महिने लागले. तोवर झालं ते असं. सप्टेंबरअखेर जगात दुसरीकडे मोठं युद्ध भडकलं आणि आमची हेलिकॉप्टरं तिकडे वळवली. मिशन निम्मं केलं. संयुक्त समितीची एकही बैठक झाली नाही, कारण उताराचा प्रश्न काढला तर करार मोडेल या भीतीनं तो कोणी काढेचना. १४ ऑक्टोबरला माझ्या तुकडीला सोंब्याहून निघायचा हुकूम आला. मी दोन ईमेल लिहिले, निषेधाचे. मग गाडीत बसलो. हो, बसलो.

दोन सेनापतींपैकी एकाच्या हाताखालचा एक माणूस होता, ज्याला करारात काहीच मिळालं नव्हतं. तो आपले लोक घेऊन फुटला. त्याला कमाई हवी होती आणि कमाई नदीच्या उतारावर होती. २ नोव्हेंबरला सकाळी बाजाराच्या वेळी तो सोंब्यात शिरला. त्र्याहत्तर माणसं गेली. बाकीचे पोहून किंवा होड्यांतून पलीकडे गेले.

मी निर्वासितांच्या छावणीत आसेनीला भेटलो. तिचा धाकटा मुलगा गेला. ती मला शिव्या देईल या तयारीनं गेलो होतो, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "तुझ्या मामाचं पत्र आलं का?"

ते माझ्या खिशात होतं. मी तिला ते ओळ न् ओळ वाचून दाखवलं, दुभाष्या सांगत गेला. इंदुताईंचं बोलणं आलं तेव्हा तिनं मान हलवली. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्याला माहीत होतं."

मामा, रोशनीबाईंच्या हातून एकच शब्द पाठवायचा होता. "नको." उरकुडाभाऊंच्या सुनेला काय वाटेल याची लाज, आणि इकडे अकराशे माणसं. मी चार दिवस तुमच्यावर इतका चिडलो होतो की पत्र फाडणार होतो. मग माझ्याच लक्षात आलं की टपाल वेळेवर आलं असतं तरी मी काय केलं असतं? वरिष्ठांना सांगितलं असतं का, की माझ्या मामाच्या गावचा समेट खोटा निघाला, तेव्हा एक सप्टेंबर पुढे ढकला? माहीत नाही. कदाचित मीही म्हणालो असतो, दोन दिवस थांबा.

जानेवारीत सहाव्या कराराची बोलणी आहेत, नव्या हॉटेलात. यावेळी गावांनाही बोलवायचं ठरलंय, आणि वरिष्ठ म्हणतात की आसेनीला तू घेऊन ये, ती तुला ओळखते. ओळखते, हे खरं आहे. मी तिच्याकडे जाऊ का?

नागसेन


१९ डिसेंबर २०२४
पळसटोला

चि. नागसेन,
जय भीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. लिहायचा काही हक्क उरलाय असं वाटत नाही, तरी तू विचारलंस म्हणून लिहितो.

आधी रोशनीचं सांगतो. तिनं पत्र छापलं, वाचलं आणि दुकान बंद करून स्वतः ते आणून दिलं. मी मान खाली घालून बसलो होतो. ती म्हणाली, "गुरुजी, तुडुमाच्या कुलपाचं आमच्या घरी समद्यांले माहीत हाय. गावाले माहीत हाय. तुमालेच वाटे का कोनाले माहीत नाई." म्हणजे ज्या लाजेपायी मी ते पाकीट पोस्टात टाकलं, ती लाज मी एकटाच झाकून बसलो होतो. त्र्याहत्तर माणसं, नागसेन. मला तर त्यातलं एक नावही माहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ज्याच्याजवळ असेल त्याच्याकडे गेलो. लटारूचा मुलगा निकेश ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या ठेकेदाराकडे कामाला आहे, अशी खबर होती. चांदा फोर्टची गाडी धरली. तू ज्या क्वार्टरांमध्ये लहानाचा मोठा झालास तिथून पाच मिनिटांवर, वसाहतीच्या बाहेर भाड्याच्या खोलीत लटारू राहतो. चौदा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. इंदुताई तीन वर्षांपूर्वी वारली. तेही तिथेच कळलं.

लटारूनं चहा ठेवला. मी कानात मशीन नीट बसवलं आणि जे बोलायचं ते बोललो. हात जोडले. त्यानं माझा चहा बशीत ओतून दिला. मग म्हणाला, "गुरुजी, मी तुमाले दोष नाई देत. पन एक सांगतो. भांडत होतो तवरी आमाले अर्धं पानी भेटत होतं. समेट झाला अन् तेई गेलं."

मी त्याला तुझ्या आसेनीची हकीकत सांगितली, तू तिच्याकडे जावंस की नाही ते विचारलं. त्याला देशाचं नाव घेता येईना, पण गोष्ट त्याला माझ्यापेक्षा लवकर समजली. म्हणाला, "भाच्याले सांगा, जा म्हनाव. तिचं पोरगं गेलं, तिले भेटाले जा. पन कागद घेऊन नोको जाऊ. अन् ते बाई बोलनी कराले गेली तं जाऊ द्या, पन तिचे लोक पुन्ना पहारा बसवतीन तं तो उठवाले नोको सांगू. दुसरा कोनी येऊन बसन, दोन हंगाम काढन, मंग पाहावं."

मी म्हणालो, तिथे दोन हंगाम कोणी बसत नाही लटारूभाऊ, त्यांची मुदत संपते. तो म्हणाला, "मंग भांडन कसं संपन?" अगदी सरळ विचारलं त्यानं, टोमणा नव्हता. तुझ्या वरिष्ठांना हा प्रश्न तू विचारून पाहा.

निघताना मला राहवलं नाही. म्हणालो, लटारूभाऊ, चला गावाला. उरकुडा आता खाटेवर आहे, पोरं ऐकतील. मी स्वतः तुडुमावर खाट टाकून बसतो, रोवणीपासून कापणीपर्यंत. या वयात मला दुसरं काम तरी काय आहे? मनापासून म्हणालो रे. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण मनापासून म्हणालो.

लटारूनं माझा हात धरला. गाडीच्या वेळेला मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. तिथे कानाशी वाकून म्हणाला, "आता कोनासाठी राखता गुरुजी? साती घरचं कोनी नाई उरलं तिथी."

मी गाडीत बसलो. नागभीड येईपर्यंत त्याचं तेच वाक्य कानात होतं. तू आसेनीकडे जा, कागद न घेता. तिची माणसं अजून उरली आहेत.

वामनराव